इझमकाका

कोणतीही वस्तू नीट पाहायची झाल्यास सर्वसाधारण मनुष्य तिच्याजवळ जातो. इझमकाका मागे जात. फळीवरचा साबण असो, ग्रंथालयाच्या भिंतीवरील सूचना असो, किंवा समोर उभा असलेला प्रत्यक्ष मनुष्य असो, काका आधी मान तिरकी करत, एक डोळा बारीक करत आणि पाठीमागे न पाहता पावले मागे टाकू लागत. मिशिगन राज्यातील नोव्हाय या गावी, एका किराणा दुकानात, असे मागे सरता सरता त्यांनी लोणच्याच्या बरण्यांचा अख्खा मनोरा खाली आणल्याचे मी स्वतः पाहिले आहे. सुदैवाने बरण्या प्लास्टिकच्या होत्या. काकांनी त्या उचलल्या, पुन्हा रचल्या, आणि रचून झाल्यावर मनोरा कसा दिसतो हे पाहण्यासाठी पुन्हा मागे सरू लागले. तेव्हा मात्र मी त्यांचा दंड धरला.

या गृहस्थांची व माझी गाठ कशी पडली, हे सांगण्यापूर्वी माझा थोडा परिचय देणे आवश्यक आहे. मी व्यवसायाने अर्जनवीस. आमच्या तालुका कचेरीसमोरील पत्र्याच्या शेडमध्ये माझे टेबल आहे. शिक्षण नववीपर्यंत, परंतु नववीच्या पुष्कळ पुढे गेलेले गृहस्थ माझ्यासमोरच्या बाकावर बसून "तुम्हीच काय ते योग्य शब्दांत लिहा" असे म्हणत आलेले आहेत. सन दोन हजार पाच साली सूनबाईंच्या बाळंतपणासाठी सौभाग्यवतींना अमेरिकेस बोलावणे आले व त्यांच्यासोबत मीही गेलो. मुलगा तेथे मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. घरात बाळ, बाळंतीण, डिंकाचे लाडू आणि शेक. माझे काम म्हणून काहीच उरले नव्हते. खिडकीतून समोरची मोकळी पार्किंगची जागा पाहत मी दिवस काढीत होतो.

"बाबा, तुम्ही घरात बसून बोअर होता," मुलगा म्हणाला. "लायब्ररीत इंग्लिशचा फ्री क्लास आहे. मी ड्रॉप करत जाईन."

"मला इंग्रजी येते," मी म्हणालो.

"येतं हो. पण काल तुम्ही शेजारच्याला 'आय हंबली प्रे' म्हणालात. तो घाबरला ना यार."

मुलाचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. वकिलांचे इंग्रजी अर्ज टंकलिखित करून करून त्या भाषेतील प्रार्थना, निवेदने व हरकती मला मुखोद्गत होत्या. मात्र अमुक बस कोठे थांबते, हे इंग्रजीत विचारण्याचा प्रसंग आमच्या कचेरीत कधी आलेला नव्हता. सबब मी वर्गात नाव घातले.

वर्गात बहुतेक मंडळी कोरियातून व जपानमधून आलेली, मोटारीच्या धंद्यातल्या लोकांच्या बायका किंवा आईवडील. पहिल्या रांगेत एक सत्तरीचे ताठ कोरियन गृहस्थ बसलेले होते. डोक्यावर लोकरी टोपी, समोर बोटभर जाडीचे पुस्तक. मी शेजारी बसताच ते माझ्याकडे वळले. नाव नाही, गाव नाही. पहिला प्रश्न: "हाऊ ओल्ड?"

मी वय सांगितले. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मी मोठा," ते म्हणाले, आणि तत्क्षणी माझा कोट घेऊन त्यांनी खुर्चीच्या पाठीवर नीट टांगला, थर्मासातील बार्लीचा चहा मला ओतून दिला, आणि मी दोन्ही हातांनी पेला धरीपर्यंत सोडला नाही. त्यांच्या देशात वय समजल्याशिवाय बोलण्यास आरंभ होत नाही, कारण कोणी कोणापुढे किती वाकावयाचे ते ठरत नाही. एकदा ठरले की मोठ्याने धाकट्याची काळजी घ्यावयाची व धाकट्याने मोठ्याचे ऐकावयाचे. ही व्यवस्था मला तर्कशुद्ध वाटली. अमेरिकेत इतर कोणी माझा कोट टांगलेला नव्हता.

आमचे संभाषण इंग्रजीत चालत असे. येथे मी ते सोयीसाठी मराठीत देत आहे. काकांकडे इंग्रजीचा साठा भरपूर होता, परंतु तो एकाच कोठारातला. त्यांचे ते जाड पुस्तक कोरियन माणसांना इंग्रजी शब्द विषयवार शिकवणारे होते. त्यात विमानतळ, दवाखाना, भाजीबाजार अशी प्रकरणे होती. काकांनी ती सगळी ओलांडून चित्रकलेतील शैली व पंथ हे एकच प्रकरण धरले होते आणि ते त्यांना उभे-आडवे पाठ होते. इम्प्रेशनिझम, क्युबिझम, फोविझम, सर्रिअलिझम. प्रत्येक शब्दापुढे त्यांच्या लिपीत अर्थ. "आमच्या भाषेत शब्दातच अर्थ असतो," ते मला समजावीत. "क्युबिझम म्हणजे घनाकृती पंथ. फोविझम म्हणजे रानपशू पंथ. लहान मूलसुद्धा समजेल. इंग्रजीत नुसता आवाज." दुकानात सुटे पैसे मागता येत नसलेला हा मनुष्य 'ॲब्स्ट्रॅक्ट एक्स्प्रेशनिझम' हे शब्द मात्र श्वास न घेता म्हणे. आम्हा दोघांचे इंग्रजी एकत्र केले असते, तरी एका माणसाला गावाबाहेर पडता आले नसते.

शब्द पाठ करण्याची त्यांची एक रीत होती. दिसेल त्या वस्तूला व माणसाला ते एकेक पंथ वाटून टाकीत. सुपाच्या डब्यांची रांग दिसली की "पॉप आर्ट". बर्फाने झाकलेली पार्किंगची जागा म्हणजे "मिनिमलिझम". वर्गाच्या बाई स्वभावाने गोड, पण बोलणे भरभर, त्यांच्याबद्दल काकांचे मत असे की, "इम्प्रेशनिझम. जवळून काही समजत नाही, लांबून बरे वाटते." मुलगा एका हातात फोन, दुसऱ्या हातात गाडीची किल्ली आणि खांद्याला लॅपटॉप लावून मला घ्यायला आला, तेव्हा काकांनी त्याला मागे सरून पाहिले आणि जाहीर केले, "फ्युचरिझम." यावरून सूनबाईंनी त्यांचे नाव इझमकाका ठेवले.

मला कोणता पंथ दिला, हे मी अनेक दिवस विचारले नव्हते. एकदा विचारले. काका विचारात पडले नाहीत. "तुम्ही? बरोक."

घरी येऊन मुलाला अर्थ विचारला. तो बराच वेळ हसत होता. मग म्हणाला, "म्हणजे बाबा, खूप नक्षी, खूप सोनं, खूप पडदे. एकही जागा रिकामी नाही." सदर वर्णनात हसण्यासारखे काय आहे ते मला समजले नाही. कचेरीत सादर करावयाचे लिखाण असेच असावे लागते.

सौभाग्यवतींचा अनुभव मात्र वेगळा. सूनबाईंनी काकांना एका दुपारी पोहे खायला बोलावले. काकांनी बशी टेबलावर ठेवली, उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत मागे गेले आणि मोहरी व खोबरे पाहून म्हणाले, "पॉइंटिलिझम! ठिपके, ठिपके, आणि मिळून चित्र." सूनबाई खूश. तेवढ्यात सौभाग्यवती बाहेरून आल्या. अंगावर सुती साडी, वर मुलाचे जाकीट, कानाला मफलर, पायांत सूनबाईंचे धावण्याचे बूट. काकांनी आदराने कमरेत वाकून नमस्कार केला आणि म्हटले, "कोलाज."

"काय म्हणाले हो ते?" सौभाग्यवतींनी मला विचारले.

"निरनिराळ्या वस्तूंचे तुकडे चिकटवून केलेले चित्र," सूनबाईंनी प्रामाणिकपणे सांगितले.

"मग त्यांना म्हणावं, पोहे संपले."

पोहे पुन्हा वाढले गेले. तो भाग वेगळा.

एका मनुष्याने एकच प्रकरण इतके घोकावे, यामागे काही कारण असले पाहिजे, हे माझ्या धंद्याच्या नजरेने मी ओळखले होते. आमच्या बाकावर बसणारा मनुष्य सुरुवातीला जमिनीबद्दल बोलतो, आणि खरा तंटा भावाशी असतो. मी वाट पाहिली. एके दिवशी बाहेर बर्फ पडू लागल्याने त्यांना न्यायला येणारी गाडी उशिरा येणार होती. आम्ही ग्रंथालयाच्या काचेजवळ बसलो होतो. काकांनी कागदी रुमाल पसरला, माझे पेन घेतले, आणि चित्रे काढीत, शब्द जोडीत जे सांगितले त्याचा सारांश येणेप्रमाणे.

काका त्यांच्या देशात चित्रपटगृहांचे फलक रंगवीत असत. घराएवढे चेहरे. नायकाचा नुसता डोळा रंगवायला शिडी लागे. हातभर अंतरावरून रंग भरायचा, आणि रस्त्यापलीकडून तो नायक दिसला पाहिजे. म्हणून काम करता करता मागे, रस्त्याच्या कडेपर्यंत, सरत जाण्याची सवय. कारखान्यात पोरगे आले की त्याला आधी फलकाला पांढरा हात द्यायला लावीत. काही वर्षांनी त्याला पार्श्वभूमी मिळे, आभाळ किंवा धूर. चेहरा फक्त उस्तादाचा. पुढे संगणकावर छापलेले फलक आले आणि शिड्या विकल्या गेल्या. हे मला विस्ताराने सांगण्याची गरज नव्हती. आमच्या कचेरीसमोरही आता छापील नमुने मिळतात.

त्यांची एकुलती एक मुलगी शाळेत असतानाच अमेरिकेस आत्याकडे पाठवलेली. ती येथेच वाढली, येथल्या शाळेत शिक्षिका झाली, आणि गॅरेजमध्ये स्वतःची चित्रे काढू लागली. काकांची पत्नी वारल्यावर मुलीने त्यांना आपल्या घरी आणले. आल्या दिवशीच तिने मोठ्या हौसेने गॅरेज उघडले. आत भिंतभर एक चित्र उभे केलेले. लाल, त्यावर अधिक गडद लाल, आणखी काही नाही. काका सवयीप्रमाणे मागे सरू लागले. गॅरेजमधून बाहेर, गाडीच्या उतारावरून खाली, थेट रस्त्यापर्यंत. तेथून त्यांनी नीट पाहिले आणि आपल्या भाषेत मोठ्याने म्हणाले, "पार्श्वभूमी सुरेख भरली आहेस! चेहरा कधी येणार?"

काकांच्या हिशेबी ती शाबासकी होती. त्यांच्या कारखान्यात असे वाक्य ऐकायला पोरांनी वर्षे घालवली होती. मुलगी इंग्रजीत काही म्हणाली. ते काकांना समजले नाही. मग तिने भिंतीवरचे बटण दाबले, आणि काका रस्त्यावर उभे असताना गॅरेजचे दार वरून खाली आले.

"तेव्हापासून?" मी विचारले.

"भात देते. औषध देते. गाडीने येथे सोडते. सगळे बरोबर." काकांनी रुमालावरचे दार पेनाने पूर्ण काळे केले. "बोलते इंग्रजीत. पाहुण्याशी बोलतात तसे. गॅरेज बंद."

म्हणून ते पुस्तक, म्हणून ते प्रकरण. मुलगी ज्या भाषेत चित्रांबद्दल बोलते तिच्यातले शब्द शिकून घ्यावेत आणि तिच्या चित्राला त्याच्या योग्य नावाने हाक मारावी, म्हणजे ती दार उघडेल, असा त्यांचा बेत होता. त्याच हिवाळ्यात पुढे गावच्या नागरी केंद्रात तिची चित्रे लागणार होती. तोपर्यंत तयारी झाली पाहिजे. अडचण एकच होती. लालावर लाल, चेहरा नाही, वस्तू नाही. असल्या चित्राचा पंथ त्यांच्या प्रकरणात सापडत नव्हता. शेवटी त्यांनी वर्गाच्या बाईंना विचारले. बाईंनी आतून एक मोठे चित्रांचे पुस्तक आणून दाखवले व सांगितले, "कलर फील्ड." काकांनी ते तीनदा म्हणून पाहिले आणि नाराज झाले. ज्याच्या शेवटी इझम नाही आणि जे आपल्या पुस्तकातही नाही, अशा नावावर त्यांचा भरवसा बसत नव्हता.

"नाव सापडले," ते मला म्हणाले. "आता तुम्ही लिहा. तुम्ही मोठ्या साहेबांना लिहिता. माझ्या मुलीला लिहा."

लिहिणे माझा व्यवसाय आहे. परंतु व्यवसायाचे काही नियम असतात. "अर्जाला तीन अंगे असतात," मी त्यांना सांगितले. "अर्जदार कोण, घडले काय, आणि मागणी काय. पहिली दोन तुम्ही सांगितलीत. मागणी?"

"सॉरी."

"ते म्हणणे झाले. मागणी नव्हे."

"तिने चेहरा काढावा?"

"नामंजूर होईल."

"तुमचे चित्र कलर फील्ड आहे, असे लिहा."

"ही माहिती तिला आहे. साहेबाला त्याचेच नाव सांगून काही मिळत नाही."

मी त्यांना समजावले की, मागणी नसलेला अर्ज कितीही सुंदर असला तरी तो दप्तरी दाखल होतो, म्हणजे फळीवर पडून राहतो. मागणी लहान असावी, स्पष्ट असावी, आणि ती मंजूर करताना मंजूर करणाऱ्याच्या गाठीचे काही जाऊ नये. "घरी जा, विचार करा, आणि नेमके काय पाहिजे ते घेऊन या," मी म्हणालो. मोठा असूनही त्यांनी धाकट्याचे ऐकले. त्यानंतर कित्येक वर्ग ते पुस्तक न उघडता बसून राहिले. कोणालाही पंथ वाटले नाहीत. बाईंनी मला हळूच विचारले, त्यांची प्रकृती बरी आहे ना? मी म्हणालो, "मॅटर इज अंडर कन्सिडरेशन."

मागणी आली ती ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर. काका माझी वाट पाहत थंडीत बाहेरच उभे होते.

"पांढरा," ते म्हणाले.

"काय पांढरा?"

"तिचा कॅनव्हास. रंगाआधी पांढरा हात द्यावा लागतो. ते काम मला." मग थांबून म्हणाले, "आमच्याकडे नव्या पोराला देतात ते. मी नवा पोर."

माझ्या इतक्या वर्षांच्या व्यवसायात इतकी नेमकी मागणी घेऊन आलेला अर्जदार मी पाहिलेला नव्हता. त्या दुपारी मी मुलाच्या संगणकावर बसून मसुदा केला. मुलगा मागून वाचत होता.

"बाबा, धिस इज टू मच. मुलीला पिटिशन कोण देतं?"

"ज्याचे मुलगी ऐकत नाही तो."

"राहू दे ना," सूनबाई बाळाला थोपटत म्हणाल्या. "किती क्यूट आहे. फक्त स्पेलिंग चेक करा."

मसुदा मला आजही बहुतांशी आठवतो. अर्जदार हा वयोवृद्ध असून फलक रंगविण्याच्या कामाचा दीर्घ अनुभव बाळगून आहे. चेहऱ्याबाबत अर्जदाराने केलेले विधान, ते शाबासकी म्हणून केलेले असले तरी, अर्जदार बिनशर्त मागे घेत आहे. सबब विनंती की, अर्जदारास गॅरेजमध्ये प्रवेश देऊन कॅनव्हासला पांढरा हात देण्याचे काम सोपविण्यात यावे, व या कृपेबद्दल अर्जदार सदैव ऋणी राहील. काकांना मी प्रत्येक वाक्य समजावून दिले. त्यांनी एकच हरकत घेतली. मुलीचा उल्लेख रिवाजाप्रमाणे मी 'विरुद्ध पक्ष' असा केला होता.

"विरुद्ध नाही," ते म्हणाले, आणि बोट त्या शब्दावरून उचलीनात. मी तेथे 'माननीय' घातले.

अर्ज घरी न देता प्रदर्शनात द्यावा, हा सल्ला माझा. साहेब चारचौघांत उदार असतो, हा माझा अनुभव आहे. त्या संध्याकाळी मुलाने मला नागरी केंद्रावर सोडले. मोठे दालन, चीजचे तुकडे, द्राक्षे, प्लास्टिकच्या पेल्यांतून वाइन. भिंतींवर काकांच्या मुलीची चित्रे: लाल, निळे, राखी, प्रत्येकात एकच रंग आपल्यातच खोल गेलेला. त्यांबद्दल अधिकाराने बोलण्याइतके माझे ज्ञान नाही. काका काळा सूट घालून आले होते. टोपी नव्हती, केस पाण्याने चापून बसवलेले. मुलगी पाहुण्यांत उभी होती: चाळिशीची, आखूड केस, बोटांच्या कडांना लाल रंग राहिलेला. काका सरळ तिच्यापुढे गेले, कमरेत वाकले आणि दोन्ही हातांनी कागद पुढे केला.

तिने वाचायला सुरुवात केली. वाचता वाचता तिचे कान लाल झाले.

"हे इथे? आज?" ती इंग्रजीत म्हणाली. आवाज हलका होता, पण शेजारच्या दोघी बायका बाजूला सरल्या. "कोणी लिहिलं?"

मी द्राक्षांच्या टेबलाजवळ होतो. काकांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "मी," ते म्हणाले.

"अप्पा, तुम्हाला 'अनकंडिशनली' हा शब्द माहीत नाही." त्यांच्या भाषेतही वडिलांना अप्पाच म्हणतात.

"आता माहीत आहे," काका म्हणाले.

तेवढ्यात कोणी तरी तिला चित्राची किंमत विचारायला आले. तिने कागदाची घडी घालून पिशवीत टाकली व वळली. काका हात बाजूला सोडून तेथेच उभे राहिले, कचेरीत नाव पुकारले जाईपर्यंत माणूस उभा राहतो तसे. मी जाऊन त्यांना सांगितले की, नामंजुरी अशी लगेच सांगतात. ज्याअर्थी काही सांगितले नाही त्याअर्थी पुढील तारीख पडली आहे. त्यांना ते पटले की नाही, सांगता येत नाही. त्यांनी मला एका पेल्यात सफरचंदाचा रस आणून दिला, कारण मी वाइन घेत नाही हे त्यांना ठाऊक होते.

यानंतर काका वर्गाला आले नाहीत. त्यांची पहिल्या रांगेतील खुर्ची रिकामी पाहून बाई दर वेळी माझ्याकडे पाहत व मी खांदे उडवी. माझ्या सल्ल्यात चूक नव्हती, असे माझे आजही मत आहे. परंतु न्यायासन माझ्या ओळखीचे नव्हते. वर्गात बस कोठे थांबते हा पाठ झाला. तो मला चांगला आला, आणि शेजारी कोणी नसल्याने म्हणून दाखवता आला नाही. इकडे बाळ मान धरू लागले, आमच्या परतीची तिकिटे आली, बॅगा भरू लागल्या. निघण्यापूर्वी मी मुलाला म्हणालो, "मला त्यांच्या घरी ने."

"कोणाच्या? इझमकाकांच्या? फोन करून जाऊ ना."

"फोनवर अर्जाची चौकशी करत नाहीत."

शनिवारची सकाळ होती. रस्त्याच्या दोन्ही कडांना उपसून टाकलेला बर्फ. गॅरेजचे दार कमरेइतके वर केलेले होते, आणि खालून ओल्या चुन्यासारखा वास बाहेर येत होता. मी वाकून आत पाहिले. काका जमिनीवर गुडघे टेकून बसले होते. समोर आडवा पसरलेला भलामोठा कॅनव्हास, हातात वीतभर रुंदीचा ब्रश, आणि कोपरापर्यंत दोन्ही हात पांढरे. पलीकडच्या कोपऱ्यात मुलगी डब्यात रंग घोटत होती. दोघांत काही बोलणे चालू नव्हते. आत रेडिओ लागला होता.

मुलीने मला पाहिले, दार आणखी वर केले आणि म्हणाली, "ते पिटिशनवाले तुम्हीच ना?"

मी मान लववली.

"द्राक्षांपाशी उभे होतात. मला तेव्हाच कळलं होतं." तिने ब्रश डब्यावर आडवा ठेवला. "मी त्यांना फक्त पांढऱ्याचं काम दिलंय. फक्त शनिवारी. माझ्या रंगांना हात लावायचा नाही."

आमच्या भाषेत यास अंशतः मंजूर म्हणतात. मी समाधान व्यक्त केले.

"पण ऐकत नाहीत," ती पुढे म्हणाली. "मला दोन हात पुरतात. हे तीन देतात. वर घासून पुन्हा चौथा द्यायला बघतात. माझं काम अडून राहतं. तुम्ही सांगा त्यांना."

"हातांची संख्या अर्जात नमूद नव्हती," मी म्हणालो.

ती हसली. चांगली मोठ्याने हसली. काकांनी मान वर करून तिला त्यांच्या भाषेत काही विचारले, बहुधा मी काय म्हणालो ते. तिने उत्तर दिले. तेही त्याच भाषेत, आणि पुष्कळ लांब. माझे वाक्य इतके लांब नव्हते. मध्येच तिने कॅनव्हासच्या एका कोपऱ्याकडे बोट केले. काकांनी तेथे पाहिले, काही तरी उलट उत्तर दिले. तिने कपाळावर हात मारला. मग दोघे त्या कोपऱ्यावर वाकून हुज्जत घालू लागले. मी तेथे उभा आहे, हे दोघांच्याही काही काळ लक्षात नव्हते.

मी खोकलो. परवा परत जात आहे, असे सांगितले. काका उठले. उठताना मुलीने त्यांच्या कोपराला आधार दिला. त्यांना माझा हात हाती घेता येईना, कारण त्यांचे हात ओले होते. सबब त्यांनी दोन्ही पांढरे तळवे वर धरून ठेवले आणि मोठ्या माणसाने धाकट्यापुढे वाकू नये तितके ते वाकले. मग इंग्रजीचा विचार सोडून, आपल्या भाषेत, सावकाश काही बोलले.

"ते म्हणताहेत की," मुलीने भाषांतर करण्यास आरंभ केला.

मी हात वर करून तिला थांबवले. रस्त्यावर मुलाने गाडी सुरू ठेवली होती. कॅनव्हासवरचा हात वाळत चालला होता आणि काकांची नजर एकसारखी तिकडे जात होती. मी त्यांना आमच्या पद्धतीने नमस्कार केला व निघालो. निकाल लागल्यानंतर अर्जनवीसाने दालनात रेंगाळू नये, हा आमच्या व्यवसायातील शिष्टाचार आहे.